टपाल निघाले, पोचले का?

जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या छत्राखाली जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतली महाविद्यालये येतात. एवढ्या पसाऱ्यात परीक्षेची सूचना असो, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा असो की रावेरकडच्या एखाद्या शेतकरी कंपनीची वार्षिक सभा, यादीवर एकदम मेल टाकणे हाच स्वस्त मार्ग. फेब्रुवारी २०२४ पासून तो अरुंद झाला आहे. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांवर मेल धाडणाऱ्याने आपल्या डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी ठेवायच्या आणि वाचकाला एका टिचकीत यादीबाहेर पडता येईल अशी सोय द्यायची, असा गूगलचा दंडक आहे. याहूचाही जवळपास तसाच. लहान पाठवणाऱ्यालाही पहिल्या दोहोंपैकी एक तरी नोंद लागतेच. नसेल, तर मेल स्पॅममध्ये जातो किंवा परत येतो.

हा जाच म्हणून झटकून टाकता येणार नाही. मेलची मूळ व्यवस्था १९८२ सालची. पाठवणाऱ्याच्या जागी कोणीही कोणाचेही नाव घालावे, विचारणारे कोणी नाही. बँकेच्या, वीजबिलाच्या, शिष्यवृत्तीच्या नावाने येणारी फसवी पत्रे याच भोकातून येतात. या दंडकाआधीच ओळख पटवण्याची काही सक्ती सुरू केल्यावर जीमेलवर येणारे बेनामी मेल ७५ टक्क्यांनी घटले, असे गूगलने २०२३ मध्ये सांगितले. आकडा कंपनीचा स्वतःचा आहे हे ध्यानात ठेवूनही फरक मोठा आहे.

पण नियमाचा फटका ठकापेक्षा आधी गटाच्या यादीला बसतो. एसपीएफ म्हणजे या डोमेनच्या नावाने कोणत्या सर्व्हरने मेल पाठवावा याची यादी. सभासदाने गटाला लिहिले आणि गटाच्या सर्व्हरने ते पुढे सर्वांना धाडले, की पाठवणारा सर्व्हर बदलतो आणि ही तपासणी नापास होते. डीकेआयएम हा पत्रावरचा लाखेचा शिक्का. यादीने विषयाच्या आधी गटाचे नाव जोडले किंवा तळाला दोन ओळी घातल्या, की तो फुटतो. दोन्ही नापास झालेल्या मेलचे काय करायचे, ते मूळ डोमेनचा मालक डीमार्कमधून सांगतो. एप्रिल २०१४ मध्ये याहूने ‘परत पाठवा’ असे सांगून टाकले आणि जगभरच्या याद्या कोलमडल्या. गंमत अशी, की लिहिणारा याहूचा असे आणि मेल परत येत जीमेलवाल्या सभासदांचे. वारंवार परत येतात म्हणून यादीचे सॉफ्टवेअर त्या निरपराध सभासदांनाच आपोआप काढून टाकी. तोडगा निघाला तो असा, की लिहिणाऱ्याच्या पत्त्याऐवजी गटाचा पत्ता लावायचा. मेल पोचू लागले. पण कोणी लिहिले हे पत्त्यावरून कळेना, आणि एकट्याला द्यायचे उत्तर साऱ्या गटापुढे जाऊ लागले.

लहानांची दुसरी अडचण अंकगणिताची आहे. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा, असे गूगल सांगते. तीनशे जणांच्या यादीत एकाने जरी कंटाळून ‘स्पॅम’वर बोट ठेवले, तर प्रमाण ०.३३ होते. हे प्रमाण दाखवणारा गूगलचा तक्ता मात्र पुरेसे मेल पाठवणाऱ्यालाच दिसतो, म्हणजे मर्यादा सर्वांना आणि मोजपट्टी मोठ्यांना. हे मला अन्यायाचे वाटते.

एसएमएसशी ताडून पाहावे. ८ मार्च २०२१ ला दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने नोंदणी नसलेले व्यापारी संदेश अडवायला सुरुवात केली आणि देशभर ओटीपी अडकले. ओरड झाली, दुसऱ्याच दिवशी अंमलबजावणी आठवडाभर थांबली. नियम कडकच होता, पण दार ठोठावायला एक कचेरी होती. मेलच्या बाबतीत धुळ्याच्या कारकुनाने कोणाचे दार ठोठावावे? पत्र परत येते तेव्हा कारण इंग्रजी सांकेतिक भाषेत असते. स्पॅममध्ये पडते तेव्हा तेही नसते.

‘मग व्हॉट्सअ‍ॅप आहे की,’ असे म्हणणारे पुष्कळ. तिथे ओळखीचा प्रश्न फोन नंबराने सुटतो, हे खरे. पण गटाला १,०२४ जणांची मर्यादा, प्रत्येकाचा नंबर सर्वांपुढे उघडा, आणि तीन वर्षांपूर्वीचे परिपत्रक शोधायला गेले तर शुभ सकाळच्या ढिगाऱ्याखाली. फुकटच्या जीमेल खात्यावरून यादी चालवणारेही आहेत. तिथे दिवसाला पाचशेची मर्यादा आडवी येते, आणि खाते ज्याच्या नावाचे तो निवृत्त झाला की यादीही गेली.

तेव्हा संस्थेचे स्वतःचे डोमेन हवे आणि त्यावर तिन्ही नोंदी हव्यात, या बाजूला माझे मत झुकते. डोमेनला वर्षाला हजाराच्या आसपास खर्च येतो. नोंदींना पैसे लागत नाहीत, जाणकाराचा एखादा दिवस लागतो. तक्रार नियमाबद्दल नको. नाकारल्याचे कारण समजेल अशा शब्दांत कळावे आणि लहान पाठवणाऱ्यालाही आपले प्रमाण पाहता यावे, ही मागणी जोरात व्हायला हवी.

कायदा मात्र पाठवणाऱ्याच्याच बाजूचा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १३ प्रमाणे मेल पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या संगणकात शिरला, की तो रवाना झाला. कंपन्यांच्या २०१४ च्या नियमांतही सभेची नोटीस मेलने धाडली की कंपनीची जबाबदारी संपते. हाताबाहेरच्या कारणाने ती पोचली नाही तर दोष कंपनीचा नाही. यावलच्या सभासदाची नोटीस स्पॅममध्ये कुजत पडली तरी कागदोपत्री सारे चोख. म्हणून सभेची नोटीस आणि परीक्षेची तारीख निदान फळ्यावरही लागावी. आणि परत आलेले मेल रोज वाचणारा एक माणूस नेमावा. आज अनेक ठिकाणी ते ज्या पत्त्यावर येतात, तो कोणी उघडतच नाही.