ड्रोनबंदी तासांची हवी, महिन्यांची नको

नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याची अमृतस्नाने २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ रोजी होणार असून, त्या दिवशी रामकुंड व गोदाघाटावर खासगी ड्रोनला पूर्ण मनाई असावी याबद्दल दुमत होऊ नये; गर्दीत एक ड्रोन कोसळला तरी चेंगराचेंगरीला तेवढे निमित्त पुरते, आणि २००३ च्या सिंहस्थातील दुर्घटना हे शहर विसरलेले नाही. देवळालीचे तोफखाना विद्यालय, नाशिकरोडचा नोटांचा छापखाना आणि ओझरचा विमान कारखाना ज्या परिसरात आहेत, तेथे सावधगिरी हवीच. प्रश्न आहे तो बंदीची मुदत आणि हद्द कशी ठरवावी याचा.

केंद्राच्या ‘ड्रोन नियम, २०२१’ने आकाशाचे तीन विभाग पाडले आहेत: हिरव्या विभागात ४०० फुटांपर्यंतच्या उड्डाणाला परवानगी लागत नाही, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची, तर लालमध्ये केंद्र सरकारची लागते. राज्य सरकार वा पोलिसांना एखादा भाग तात्पुरता लाल ठरवता येतो, मात्र एका वेळी ९६ तासांपेक्षा अधिक काळ नाही, आणि तोही ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावर जाहीर करूनच. याउलट भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालील मनाई आदेश दोन महिने चालू शकतो व तो त्या नकाशावर उमटेलच असे नाही. परिणामी नकाशा पाहून ड्रोन उडवणारा गुन्हेगार ठरतो, आणि घातपाताचा इरादा असलेल्याला मात्र त्या आदेशाने अटकाव होत नाही.

तिसऱ्या अमृतस्नानाच्या वेळी असा आदेश जिल्हाभर लागू झाला, तर तो थेट नोव्हेंबरात पोहोचतो, आणि नेमका तोच निफाड-दिंडोरीतील द्राक्षांच्या गोडी छाटणीचा, म्हणजे फळधारणेसाठीच्या छाटणीचा हंगाम. परतीच्या पावसाने बागेत चिखल झाला की औषध फवारणारा ट्रॅक्टरचा ब्लोअर ओळीत शिरत नाही, आणि डाऊनी हा बुरशीजन्य रोग तोवर थांबत नाही. अशा वेळी मांडवावरून दोन-तीन मीटर उंचीने फवारणारा ड्रोन कामी येतो. (पानांच्या खालच्या बाजूला औषध कितपत पोहोचते, हे कृषी संशोधकांनी अवश्य तपासावे.) मांडवाची उंची धरूनही हे उड्डाण वीस फुटांच्या आतच राहते.

म्हणून जिल्हा प्रशासन व पोलिसांनी सिंहस्थातील प्रत्येक ड्रोनबंदी ९६ तासांच्या चौकटीतच, घाटाची हद्द नेमकी आखून आणि मराठीतून ग्रामपंचायतींपर्यंत पोहोचवून जाहीर करावी. तसेच ओझर विमानतळालगतच्या जानोरीसारख्या गावांत, जेथे एरवीही परवानगी लागते, वीस फुटांखालच्या फवारणीला हंगामभराची एकच परवानगी मिळण्याची सोय संबंधित यंत्रणांनी छाटणीआधी करावी.

– एक वाचक, नाशिक