ज्ञानाच्या वाटेवरील जकातनाका

विद्या दिल्याने वाढते, हे वाक्य आपण शाळेच्या भिंतीवर वाचत आलो. संशोधनाच्या जगात मात्र विद्येच्या वाटेवर जकातनाका उभा आहे आणि जकात भरण्याची ऐपत फार थोड्यांची आहे.

हा व्यवहार मोठा विलक्षण आहे. संशोधनाला पैसा पुरवते ते बहुतांशी सरकार, म्हणजे करदाता. प्राध्यापक प्रयोग करून निबंध लिहितात. दुसरे प्राध्यापक तो तपासून देतात. नियतकालिकाकडून या श्रमांबद्दल दोघांनाही सहसा दमडी मिळत नाही. पण तोच निबंध वाचायचा म्हटले की प्रकाशनसंस्था मोल मागते. प्रकल्पासाठी मला एक दहापानी निबंध हवा होता. त्याची किंमत तीस डॉलरहून अधिक, म्हणजे जवळजवळ माझे महिन्याचे मेसचे बिल! अखेर फुकट मिळणाऱ्या सारांशावर मला भागवावे लागले. अर्धपोटी शिक्षण ते हेच.

यावर उपाय नाही असे नाही. पॉल गिन्स्पार्ग या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९९१ साली 'अर्काइव्ह' हे संगणकीय भांडार सुरू केले. संशोधक आपला निबंध छापून येण्यापूर्वीच तेथे ठेवतात आणि कोणीही तो विनामूल्य वाचतो. २००२ साली बुडापेस्टच्या जाहीरनाम्याने मुक्त प्रवेशाचे हे तत्त्व सर्व विद्याशाखांसाठी मांडले.

ही कल्पना परकी आहे असे मात्र कोणी समजू नये. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा केली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडाखंडाने छापली. विजापूरचे वकील फ. गु. हळकट्टी यांनी घरोघरची ताडपत्रे मिळवून शरणांची वचने कन्नड वाचकांपुढे आणली. कुलपातली विद्या लोकांच्या हाती यावी, हीच दोघांची तळमळ होती.

"संपादनाला, छपाईला खर्च येतो, तो कोणी सोसायचा?" हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्यावर आज जे उत्तर रूढ होत आहे ते मला मान्य नाही. वाचकाऐवजी लेखकाकडून शुल्क घ्यायचे, असे ते उत्तर. 'नेचर'सारख्या विख्यात नियतकालिकाने २०२१ पासून मुक्त प्रवेशासाठी ९,५०० युरो दर ठेवला. आपल्याकडील कोणता अधिव्याख्याता तो भरील? हा तर वाचकाच्या दारातला नाका उचलून लेखकाच्या दारात बसविणे झाले! शिवाय पैसे मोजले की काहीही छापणारी बोगस नियतकालिकेही याच वाटेने बोकाळली.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मोजून सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी शिक्षण व संशोधन संस्थांना खुली करण्याची ही योजना आहे. तिचे स्वागतच केले पाहिजे. तरीही हे भाड्याचे घर आहे. मुदत संपली की पुन्हा भाडे. आणि निवृत्त शिक्षक, खेड्यातला डॉक्टर, जिज्ञासू शेतकरी बाहेरच. यातला काही वाटा वाचक वा लेखक कोणाकडूनही पैसे न घेणाऱ्या देशी नियतकालिकांना मिळाला, तर घर आपले होईल. बंगळुरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसचे, विद्यार्थ्यांसाठी १९९६ पासून निघणारे 'रेझोनन्स' तिच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येते. जे तेथे जमले ते इतरत्र का जमू नये?

विद्यार्थी मित्रहो, सारे सरकारवर सोपवून चालणार नाही. पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा'त खुले होतात. पण आपल्या महाविद्यालयातले प्रकल्प, चर्चासत्रांतले निबंध कपाटात धूळ खात पडतात. अधिव्याख्यात्यांनी नियमात बसेल ती प्रत खुल्या भांडारात ठेवावी. आपण आपल्या प्रकल्पांचा गोषवारा मराठीत आणि कन्नडात लिहून ग्रंथालयाच्या हवाली करावा. दुसऱ्यांची कुलुपे निघावीत असे वाटत असेल, तर आधी आपले कपाट उघडू या.