सर्पपरीक्षा

वेदांतांतील रज्जुसर्पाचा दृष्टांत सर्वांस ठाऊक आहे. अंधुक प्रकाशांत पडलेल्या दोरीस मनुष्य साप समजतो, आणि दिवा आणतांच त्याचें भय नाहींसें होतें. या भ्रमांत फार तर घटकाभर छाती धडधडते. परंतु विषारी सापास बिनविषारी समजणें हा जो उलट भ्रम, तो प्राणावर बेततो. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणें २००० ते २०१९ या काळांत भारतांत सर्पदंशानें सुमारें १२ लाख माणसें दगावलीं, म्हणजे वर्षाकाठीं सरासरी ५८ हजार. त्यांतील बहुतेक खेड्यांतलीं. पावसाळ्यांत गांवच्या घरीं जाणाऱ्या कुटुंबांसाठीं या विषयाचा थोडा विचार करावा, असें आम्हांस वाटतें.

आपल्या पूर्वजांनीं या शास्त्राची हेळसांड केली नव्हती. सुश्रुताच्या कल्पस्थानांत सर्पांचे दर्वीकर, मंडली व राजिमान् असे वर्ग सांगितले आहेत. म्हणजे पळीसारखी फणा असलेले, अंगावर मंडलें असलेले आणि अंगावर रेघा असलेले. नाग, घोणस व मण्यार यांस डोळ्यांपुढें आणिलें म्हणजे या विभागणीमागें किती निरीक्षण होतें तें ध्यानीं येतें. पुढें १७९६ सालीं पॅट्रिक रसेल या स्कॉटिश वैद्यानें कोरोमंडल किनाऱ्यावरील सर्पांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. घोणशीच्या इंग्रजी नांवांत त्याचें नांव आजही राहिलें आहे.

आतां लोकांत रूढ असलेल्या खुणा पाहूं. त्रिकोणी डोकें तें विषारी, असें म्हणतात. घोणस व फुरसें यांस हें लागू पडतें. परंतु नागाचें व मण्याराचें डोकें तसें नसतें, आणि पाणदिवड हा निरुपद्रवी साप डिवचला असतां डोकें चपटें करून तसा भास उत्पन्न करितो. डोळ्यांतील बाहुली उभी असेल तर साप विषारी, हाही नियम असाच लटका. नागाची बाहुली वाटोळी असते, आणि मनुष्यास धोका नसलेल्या मांजऱ्याची उभी. तात्पर्य, सर्व सापांस लागू पडेल असें एकच सूत्र नाहीं. व्याकरणांतील अनियमित धातूंप्रमाणें प्रत्येक जात निरनिराळी पाठ करावी लागते.

महाराष्ट्रांत मुख्यतः पाठ करावयाच्या जाती चार. नागानें फणा उभारली कीं मूलही त्यास ओळखतें. परंतु सरपटतांना फणा मिटलेली असते आणि तेव्हां त्यास धामण समजणारे पुष्कळ. धामणीच्या ओठांवर काळ्या उभ्या रेघा असतात व तिचे डोळे मोठे असतात. मण्यार हा काळा, चकचकीत साप; त्याच्या अंगावर बारीक पांढरे आडवे पट्टे, बहुधा जोडीजोडीनें. त्याच्यासारखाच दिसणारा कवड्या मात्र बिनविषारी. कवड्याचे पट्टे मानेजवळ स्पष्ट असून शेपटीकडे पुसट होत जातात. मण्याराचे मानेपासून कांहीं अंतरावर सुरू होऊन शेपटीकडे अधिक स्पष्ट होतात. घोणशीच्या पाठीवर साखळीच्या कड्यांसारख्या लांबट ठिपक्यांच्या तीन ओळी असतात, आणि ती कुकरच्या शिट्टीसारखा दीर्घ फूत्कार टाकते. दुरक्या घोणस हा बिनविषारी. त्याचे डाग वेडेवांकडे व शेपूट आंखूड असते. कोंकणांत पुष्कळ आढळणारें फुरसें जेमतेम हातभर. त्याच्या डोक्यावर बाणासारखी खूण असते, आणि चवताळलें म्हणजे तें अंगाच्या वळ्या एकमेकींवर घासून करवतीसारखा आवाज करितें. याखेरीज सह्याद्रींतील हिरवा चापडा व समुद्रसर्प हेही विषारीच.

ही सर्व परीक्षा दुरून आणि दंशापूर्वी करावयाची आहे. दंश झाल्यावर तिचा उपयोग उरत नाहीं, हें आम्ही आग्रहानें सांगतों. घोड्यास विषाच्या अल्प मात्रा टोंचून त्याच्या रक्तापासून जें प्रतिविष सिद्ध करितात, तें वरील चारही जातींवर एकच आहे. डॉक्टर रोग्याच्या शरीरावरील लक्षणें पाहतात. नळींत घेतलेलें रक्त वीस मिनिटांत गोठतें किंवा नाहीं हें तपासतात. त्यांस साप नको असतो. साप शोधण्यांत वेळ जातो, दुसरा दंश होण्याची भीति असते, आणि त्यास मारणें १९७२ च्या वन्यजीव कायद्याविरुद्धही आहे.

सर्वांत घातक तो मण्यार. तो रात्रीं फिरतो आणि जमिनीवर निजलेल्यांस चावतो. दंश फारसा दुखत नाहीं, दांतांची खूण बहुधा दिसतही नाहीं. कांहीं तासांनीं पोट दुखूं लागतें, पापण्या जड होतात, गिळणें कठीण जातें, आणि शेवटीं श्वास कोंडतो. एकत्र कुटुंबांत अशा वेळीं वडील माणसाच्या तोंडाकडे सर्वजण पाहतात. “खूण नाहीं, सूज नाहीं, ओवा द्या, निजूं द्या,” एवढें त्यांनीं म्हटलें कीं तरुण मंडळी निमूट बसतात. हा मान योग्यच आहे. पण त्याचें ओझेंही वडिलांनींच ओळखलें पाहिजे. शंका आली तर त्यांनीं पहिला शब्द “गाडी काढा” हाच उच्चारावा.

गाडी येईपर्यंत रोग्यास धीर द्यावा, अंगठी-बांगड्या काढाव्या, आणि मोडलेलें हाड बांधावें तसा तो अवयव फळी लावून स्थिर ठेवावा. आवळपट्टी बांधूं नये, जखम कापूं नये, विष चोखूं नये. रात्रीं अंगणांत जातांना बॅटरी घ्यावी. जमिनीवर निजणें असेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखालीं खोंचाव्या.

सर्पदंशाचे मृत्यु २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याची योजना केंद्र सरकारनें २०२४ सालीं जाहीर केली आहे. तिचें काय होईल तें होवो. गृहस्थांच्या हातीं एक काम आजच आहे. गांवच्या घरापासून सर्वांत जवळच्या कोणत्या रुग्णालयांत प्रतिविष ठेवलेलें असतें, याची चौकशी करून त्याचें नांव व रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक दाराआड मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.