संताच्या गावी संपत्तीचा प्रश्न

ख्रिस्तसभेच्या उपासनेत रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्राने फिरत असतात. त्यांपैकी दुसऱ्या वर्षी, सामान्य काळातील अठ्ठाविसाव्या रविवारी, दोन वाचने एकमेकांशेजारी ठेवलेली आहेत. पहिल्यात शलमोन राजाच्या मुखी घातलेले मनोगत आहे. राजदंड, सिंहासन, सोनेरुपे, आरोग्य आणि रूप या सर्वांहून आपण प्रज्ञेला अधिक मोल दिले, असे तो सांगतो. दुसऱ्यात मार्ककृत शुभवर्तमानातील धनवान मनुष्य भेटतो. तो सज्जन आहे, लहानपणापासून आज्ञा पाळत आला आहे आणि गुडघे टेकून शाश्वत जीवनाची वाट विचारतो आहे. परंतु जवळचे विकून गोरगरिबांना द्यावे व मागे यावे, हे उत्तर कानी पडताच तो खिन्न होऊन परत फिरतो. पहिल्याला काय मागावे हे कळले होते. दुसऱ्याने प्रश्न योग्य विचारला, पण उत्तर त्याला झेपले नाही.

2024 च्या ऑक्टोबरात ही वाचने झाली, 2027 मध्ये ती पुन्हा होतील. ती ऐकून घरी परतणारा सामान्य कॅथलिक गृहस्थ मनाशी एक सोयीची वाटणी करून घेतो. त्याग धर्मगुरूंनी आणि धर्मभगिनींनी करावयाचा. त्यांनी तशी व्रतेच घेतली आहेत. आपण प्रपंच करावयाचा, रविवारी मिस्सेला जावयाचे आणि दानपेटीत यथाशक्ती काही टाकावयाचे. ही वाटणी ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीला मात्र धरून नाही. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने 1964 साली ख्रिस्तसभेविषयीचा जो दस्तऐवज संमत केला, त्यातील एक संपूर्ण प्रकरण पावित्र्याचे पाचारण सर्वांनाच आहे, हे सांगण्यासाठी खर्ची पडले आहे. तेव्हा प्रपंच करावा की नाही, हा वादाचा मुद्दाच नव्हे. हाती आलेल्या वस्तूंपैकी कोणती वस्तू आपल्या कामी येते आणि कोणत्या वस्तूच्या चाकरीत आपण लागलो आहोत, हे ओळखता येते की नाही, हा खरा प्रश्न होय. ही ओळख म्हणजेच प्रज्ञा.

या प्रश्नाचा विचार करावयास वसईइतकी योग्य भूमी महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. सोळाव्या शतकाच्या मध्यास, पोर्तुगीज अमलात, संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म या वसईत झाला. पिता पोर्तुगीज, माता कोकणची. येशूसंघीयांच्या हाताखाली ते शिकले, कोवळ्या वयात त्यांच्यासमवेत जपानला गेले, तेथील भाषा त्यांनी आत्मसात केली आणि धर्मशिक्षकाचे काम केले. त्या संघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा सफळ झाली नाही. मग ते व्यापारात पडले आणि त्यात त्यांनी चांगला जम बसविला. एखाद्या व्यवहारी माणसाचे चरित्र येथेच समाधानाने संपले असते. परंतु तो व्यापार सोडून ते मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून दाखल झाले. 1593 साली दुभाषा म्हणून ते पुन्हा जपानला गेले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे इतर पंचवीस जणांसह त्यांना क्रूसावर मरण आले. 1862 साली पोप नववे पायस यांनी या रक्तसाक्षींना संतपद दिले. भारतात जन्मलेले पहिले संत म्हणून गोन्सालो गार्सिया ओळखले जातात, ते तेव्हापासून.

या चरित्रातील दोन गोष्टींकडे सहसा लक्ष जात नाही. पहिली ही की, त्यांनी जे सोडले ते अपयश नव्हते. बुडालेला धंदा सोडून देवाकडे वळणारे पुष्कळ असतात. चालता धंदा सोडणारा विरळा. दुसरी ही की, त्यांनी सगळेच टाकून दिले नाही. जपानात कमावलेली भाषा त्यांनी जपली आणि तीच पुढे त्यांच्या सेवेचे साधन झाली. काय सोडावे याइतकेच काय ठेवावे हेही ठरवावे लागते. सरसकट फेकून देण्यास आवेश पुरतो. निवड करण्यास विवेक लागतो.

अशा संताचे गाव आज कोठे उभे आहे? केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला यांवर वसईच्या कॅथलिक शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या घर चालविले. मुंबई वाढत वाढत त्याच्या वाडीच्या कुंपणाला येऊन भिडली आणि जमिनीला असा भाव आला की, जन्मभर केळी विकून जे मिळाले नसते ते एका सहीने मिळू लागले. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारे जो लढा दिला, तो याच वावटळीतला. 2024 साली फादर निवर्तले. त्यांचा लढा बांधकामाविरुद्ध होता, असे सामान्यतः म्हटले जाते. भूमी ही केवळ विकावयाची वस्तू आहे काय, हा त्यामागील प्रश्न मात्र धार्मिकच होता.

विकल्या गेलेल्या वाडीचा पैसा कोठे जातो, हे पाहण्यास फार शोध करावा लागत नाही. मुलांच्या शिक्षणात किंवा आजारपणात तो गेला असेल, तर बोट ठेवण्याचे कारण नाही. परंतु चार दिवस चालणारे लग्न, शेजाऱ्याहून मोठा मंडप, वधूच्या अंगावर दागिना ठेवावयास जागा उरू नये इतके सोने, हाही त्याचा एक मार्ग आहे. बालकाच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या विधीलाही आता जेवणावळीचे आणि दिव्यांच्या रोषणाईचे ओझे चिकटले आहे. ज्याच्याकडे विकावयास जमीन नाही, असा कारकून किंवा शिक्षक हीच चढाओढ पतपेढीच्या कर्जावर खेळतो आणि पुढील पाच वर्षे पगारातून त्याचे हप्ते फेडत बसतो. त्याच्याजवळ संपत्ती नाही, आसक्ती मात्र धनिकाइतकीच आहे. आसक्ती हा केवळ श्रीमंतांचा रोग आहे, हा समज येथे खोटा ठरतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळता येण्याजोगा नाही. ज्याच्या वाडीवर हिरव्या पट्ट्याचे बंधन राहिले, त्याने शेजाऱ्याची भरभराट पाहत केळीच लावावीत काय? इतरांनी नोकऱ्या आणि सदनिका मिळवाव्यात आणि सर्वांच्या वाटची शुद्ध हवा राखण्याचा त्याग एकट्या शेतकऱ्याने करावा, हा कोणता धर्म? आक्षेप रास्त आहे. देहूच्या तुकोबांविषयी असे सांगतात की, कर्जखते इंद्रायणीत सोडावयास निघाले, तेव्हा धाकट्या भावाच्या वाट्याची खते त्यांनी त्याला देऊन टाकली आणि बुडविली ती केवळ स्वतःच्या वाट्याची. दुसऱ्याच्या हक्कावर आपले वैराग्य लादावयाचे नसते. म्हणून समाजाला हिरवी भूमी हवी असेल, तर तिची किंमत समाजाने वाटून घेतली पाहिजे. शेतकऱ्याला केवळ प्रवचन देऊन भागणार नाही.

हीच कसोटी धर्मसंस्थेलाही लागू आहे. ज्या चर्चच्या सणात रोषणाईचा खर्च दरवर्षी चढत जातो, त्या चर्चच्या वेदीवरून साधेपणाचा उपदेश झाला तर तो ऐकू येत नाही. चालता व्यापार सोडणाऱ्या संताचा सण थाटाने साजरा करताना या विसंगतीची जाणीव व्हावयास हवी.

मग गृहस्थाने करावे तरी काय? येशूसंघाचे संस्थापक संत इग्नासिओ लोयोला हे मूळचे मानाचे आणि पराक्रमाचे भुकेले योद्धे. 1521 साली पाम्प्लोना येथे तोफगोळ्याने पाय जायबंदी झाल्यावर ते अंथरुणावर अंतर्मुख झाले. पुढे त्यांनी आध्यात्मिक साधनेची जी पद्धती घालून दिली, तिच्या पायाशी एक साधा नियम आहे: सृष्टीतील वस्तू जीवनाच्या अंतिम हेतूला जेवढ्या साहाय्यक होतील तेवढ्या घ्याव्यात, जेवढ्या आड येतील तेवढ्या दूर ठेवाव्यात. या नियमासाठी मठाची आवश्यकता नाही. लग्नाची यादी करताना, घराचा आराखडा पाहताना, जमिनीच्या कागदावर सही करण्यापूर्वी, हे कशासाठी आणि कोणाला दाखविण्यासाठी, एवढे दोन प्रश्न घरातील सर्वांनी एकत्र बसून विचारले तरी पुष्कळ साधेल. शेजारी काय म्हणेल, या भयातून एका कुटुंबाने सुटका करून घेतली की, दुसऱ्याची वाट सोपी होते.

प्रज्ञा मागणाऱ्या त्या शलमोनाची अखेर मात्र विसरून चालणार नाही. उतारवयात त्याचे मन ऐश्वर्यात आणि अंतःपुरात गुंतले, परक्या देवतांकडे वळले आणि त्याच्या पश्चात राज्य दुभंगले, असे बायबलच सांगते. प्रज्ञा एकदा मिळाली की ती आजन्म पुरते, असे नाही. ती रोज मागावी लागते. शुभवर्तमानातील धनवान मनुष्य खिन्न होऊन गेला, पण तो पुढे परतला की नाही, हे तेथे लिहिलेले नाही. ती जागा मोकळी आहे. वसईच्या, आणि वसईबाहेरच्याही, प्रत्येक गृहस्थाने ती आपल्या हाताने भरावयाची आहे.