शपथेच्या पुढची वाट

उपवासकाळ आला की वसईच्या धर्मग्रामांतून दारू सोडण्याच्या शपथांना बहर येतो. तपसाधना होतात, प्रवचनकार घसा कोरडा करतात आणि शेवटच्या संध्याकाळी चार-दोन माणसे वेदीसमोर येऊन हात वर करतात. टाळ्या पडतात. घरच्या बायकांच्या डोळ्यांत पाणी येते. पुढे ईस्टर उलटतो, लग्नसराईचे मांडव उभे राहतात, आणि त्या चार-दोघांपैकी किती जण तगले याची विचारपूस कुणी करीत नाही. आमचा आक्षेप शपथेवर नाही. शपथ झाली म्हणजे मुक्ती झाली, असे समजून हात झटकणाऱ्या वृत्तीवर आहे.

संत लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने झाडून स्वच्छ केलेल्या घराचा दृष्टांत दिला आहे. बाहेर पडलेला अशुद्ध आत्मा परत येतो आणि आपल्याहून दुष्ट असे सात सोबती घेऊन तिथे ठाण मांडतो. दारू सुटल्याने घर स्वच्छ होते, भरत मात्र नाही. संताप तोच, खोटे बोलण्याची सवय तीच, बायकोवरचा संशयही तोच. मग आपण आश्चर्य करतो, की इतकी प्रार्थना करून हा पुन्हा प्यायला कसा?

या प्रश्नावर आपल्यात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, प्रार्थना पुरेशी आहे. उपचार आणि बैठका हव्यात कशाला? दुसरा म्हणतो, हा आजार आहे. त्यात धर्माने लुडबुड करू नये. आम्हांस दोन्ही पक्ष अमान्य आहेत. कृपा निसर्गाला मोडीत काढीत नाही, ती त्याला पूर्णत्वास नेते, ही संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण सेमिनरीतला प्रत्येक विद्यार्थी शिकतो. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली बांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात ‘कृपा फाउंडेशन’चे काम सुरू केले, तेव्हा उपचार, योगसाधना आणि प्रार्थना यांना त्यांनी एकमेकांचे वैरी मानले नाही. त्या संस्थेचे केंद्र आपल्या वसईतही आहे.

अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरी १९३५ साली एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद, दोघेही मद्यपी, एकमेकांना सावरण्यासाठी एकत्र आले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही चळवळ उभी राहिली. तिच्या बारा पायऱ्या वाचून फादर एडवर्ड डाउलिंग या येशूसंघीय धर्मगुरूंना संत इग्नाती यांच्या आध्यात्मिक साधनेची आठवण झाली. आपली दुर्बलता मान्य करणे, आपल्या दोषांची झाडाझडती घेणे, ते परमेश्वरापुढे व दुसऱ्या माणसापुढे उघड करणे, ज्यांना दुखावले त्यांची भरपाई करणे, रोज प्रार्थना करणे आणि मिळालेले इतरांना देणे, हा या पायऱ्यांचा गाभा. यातले आपल्याला परके काय आहे? पापनिवेदन आपल्याकडे आहे, विवेकपरीक्षाही आहे. फरक इतकाच, की आपण प्रायश्चित्ताची प्रार्थना पुटपुटून मोकळे होतो. भरपाईचा हिशेब तसाच राहतो.

डब्लिनच्या मॅट टॅलबटने तो हिशेब चुकवला. १८५६ साली जन्मलेला हा मजूर पोरवयातच दारूच्या आहारी गेला. १८८४ साली त्याने शपथ घेतली, तीही प्रथम तीन महिन्यांचीच. १९२५ साली मिस्साबलीला जाताना रस्त्यात कोसळून तो मरण पावला, तोवर मधल्या एकेचाळीस वर्षांत त्याने दारूला स्पर्श केला नाही. रोज पहाटेची मिस्सा, मग लाकडाच्या वखारीतले कष्ट, हा त्याचा क्रम. जुनी देणी त्याने फेडली. १९७५ साली पोप पॉल सहावे यांनी त्याला ‘पूज्य’ घोषित केले. तो घडला रोजच्या क्रमातून.

अशा मजुरांची वस्ती सातिवलीत आहे. वसईच्या पश्चिम पट्ट्यात माणसामागे घर असते, आळी असते, ओरडणारी आई असते. इथे कारखान्यांच्या गाळ्यांत राबायला दूरदूरहून आलेला माणूस एका खोलीत चौघांबरोबर राहतो. उपचार घेऊन तो परततो तो त्याच खोलीत, त्याच सोबत्यांत. संध्याकाळी सात ते दहा हे तीन तास तो कुठे काढणार? या प्रश्नाला ज्या धर्मग्रामाकडे उत्तर नाही, त्याने शपथा देण्याची घाई करू नये.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. महिनाभरापूर्वी दारू सोडलेल्याला साक्ष देण्यासाठी ध्वनिक्षेपकापुढे उभे करू नका. त्याला वीर बनवले की घसरल्यावर त्याला परतण्याची लाज वाटते, आणि ती लाज त्याला गुत्त्याकडेच नेते. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ने नाव गुप्त ठेवण्याचा नियम पाळला तो उगाच नव्हे. त्यांच्या बैठकीला चर्चच्या सभागृहातली एक खोली द्या. ते आपला खर्च आपण भागवतात, आपण त्यांचे मालक होऊ नये. बायका-मुलांसाठी ‘अल-अनॉन’ची बैठक असू द्या, कारण जखमी तेही आहेत.

कुणी कानागावच्या लग्नाची आठवण देईल. प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला, हे खरे. परंतु भावाला ठेच लागत असेल तर द्राक्षारस न पिणे बरे, असे संत पौलही रोमकरांस लिहितो. ख्रिस्तसभेने तर प्रत्यक्ष वेदीवर ही काळजी वाहिली आहे: मद्यपानाच्या आजाराने ग्रासलेल्या धर्मगुरूला बिशपांच्या परवानगीने आंबण्याची क्रिया रोखलेला द्राक्षरस वापरता येतो, असे रोमने २००३ साली पुन्हा स्पष्ट केले. वेदीवर जे जमते ते लग्नाच्या मांडवात का जमू नये? दारू नसेल तर पाहुणे रुसतील, ही भीती एका माणसाच्या जिवापेक्षा मोठी आहे काय?

वसईचा बागायतदार पानवेल लावून घरी बसत नाही. तिला सावली देतो, आधार बांधतो, पाणी शिंपतो. शपथ घेतलेल्या माणसाला तेवढे तरी द्यावे. येत्या उपवासकाळात शपथ घेणाऱ्यांची नावे लिहिण्याआधी, दर शनिवारी संध्याकाळी त्यांच्याबरोबर बसायला कोण तयार आहे, त्यांची नावे लिहून घ्या. ती यादी कोरी राहिली, तर शपथविधी पुढे ढकलावा.