धागा : प्लेगच्या इतिहासातून वगळलेला उंदीर

१/ १८९७ म्हटले की आपल्याला रँड, चापेकर बंधू आणि टिळकांवरील राजद्रोहाचा खटला आठवतो. ते योग्यच आहे. मात्र ज्या प्राण्यापासून हे सारे सुरू झाले, तो उंदीर आपल्या इतिहासकथनात क्वचितच येतो. त्याला वगळल्यामुळे प्लेगचा राजकीय इतिहासही अपुरा राहतो, असे माझे मत आहे.

२/ सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मांडवी म्हणजे बंदरालगतची धान्याची वखार. तेथे उंदीर मरून पडत असल्याचे लोकांच्या दृष्टीस पडले होते. पुढील काही महिन्यांत सुमारे निम्मी मुंबई ओस पडली. गिरणीकामगारांत रत्नागिरी जिल्ह्यातील माणसे मोठ्या संख्येने होती. त्यांची गावाकडची वाट आगबोटीची, आणि दापोलीकरांसाठी ती हर्णै बंदरात संपणारी.

३/ ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. प्रवाशांची तपासणी, घरांच्या झडत्या, रुग्णांना सक्तीने इस्पितळात नेणे, असा सारा रोख माणसावर होता. रोग माणसाच्या अंगात, कपड्यांत आणि घाणीत आहे, अशी सरकारची समजूत होती.

४/ १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत एक साधा प्रयोग केला. प्लेगग्रस्त घरातील आजारी उंदीर आणि निरोगी उंदीर त्याने एकाच बरणीत, परंतु मध्ये जाळी ठेवून, ठेवले. त्यांचा एकमेकांना स्पर्श झाला नाही. पिसवा मात्र जाळीतून पलीकडे जाऊ शकत होत्या. काही दिवसांत निरोगी उंदीरही प्लेगने मेला.

५/ त्याच काळात सरकारने नेमलेल्या फ्रेझर आयोगाने पिसवांचे हे म्हणणे फेटाळले.

६/ पुढे ग्लेन लिस्टन यांनी मुंबईच्या चाळींत उंदीर मेल्यानंतर त्यांच्या पिसवा माणसांच्या अंगावर येतात, हे दाखवले. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत नव्या आयोगाने गिनिपिगांवर प्रयोग केले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातील प्राण्याला प्लेग झाला. दोन फुटांवरचा वाचला. पिसू तेवढी उंच उडी मारू शकत नाही, एवढेच त्याचे कारण.

७/ याच आयोगाने मुंबईतील उंदीर सातत्याने पकडून तपासले. आधी उंदरांत साथ, त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांच्या आत माणसांत, असा क्रम स्पष्ट झाला. म्हणजे इशारा उपलब्ध होता. तो वाचणारे कमी होते.

८/ अर्थात सगळेच अडाणी नव्हते. ‘उंदीर पडले’ की घराला कुलूप लावून रानात झोपड्या घालायच्या, हे खेड्यापाड्यांत रूढ झाले होते. जिवाणूचे नावही ठाऊक नसलेल्यांनी घटनांचा क्रम मात्र अचूक ओळखला होता.

९/ आता माझा मुद्दा. गाठीचा प्लेग रुग्णाकडून थेट दुसऱ्याला क्वचितच होतो. त्यामुळे रुग्णाला ओढून नेणे अपमानकारक तर होतेच, शिवाय बव्हंशी निरुपयोगीही होते. घरे रिकामी करणे तेवढे उपयुक्त ठरले, तेही चुकीच्या कारणासाठी. झडत्यांवरील लोकांचा रोष केवळ भावनिक होता, असे म्हणणाऱ्यांना उंदराची साक्ष उत्तर देते.

१०/ या साक्षीलाही मर्यादा आहे. वर्षानुवर्षे प्लेग सोसलेल्या मुंबईचे उंदीर, प्लेग न पोहोचलेल्या मद्रासच्या उंदरांपेक्षा रोगाला अधिक दाद न देणारे झाले होते, असे प्रयोगांत दिसले. उंदीर जगू लागला की इशाराही क्षीण होतो.

११/ म्हणून हा विषय जुना नाही. आज कोकणात पावसाळा आला की लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. उंदीर-घुशींच्या मूत्रातून जंतू खाचरातील पाण्यात उतरतात आणि लावणी करणाऱ्यांच्या पायांच्या भेगांतून शरीरात शिरतात. हा उंदीर सहसा मरून पडत नाही. तो जंतू बाळगून धडधाकट वावरतो. म्हणून आजोबांचा नियम येथे लागू पडत नाही.

१२/ येथे शेतातल्या उंदरालाच पकडून अभ्यासावे लागते. दापोलीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. उंदराकडे पिकाचा शत्रू म्हणून जेवढे पाहिले जाते, तेवढेच रोगाचा वाहक म्हणूनही पाहिले जावे. अन्यथा ताप आलेल्या शेतमजुरालाच ‘अनवाणी का उतरलास?’ असे विचारून आपण मोकळे होऊ.

१३/ १८९७ सालीही प्रश्न माणसालाच विचारला गेला होता. (समाप्त)