चूक खोडण्याआधी

चूक दिसली की तिथल्या तिथे फुली मारावी, बरोबर उत्तर फळ्यावर लिहावं आणि पुढचा घटक घ्यावा, हा आपल्या शाळांचा अलिखित नियम आहे. तो पाळणारे शिक्षक कामचुकार नसतात. वह्या मनापासून तपासणारे, अभ्यासक्रम वेळेत संपवणारे शिक्षकच तो सर्वांत काटेकोरपणे पाळतात. म्हणूनच त्याचं खंडन नीट करायला हवं.

५२ वजा ३८ ही साधी वजाबाकी घ्या. एका वहीत उत्तर २६, दुसरीत २४, तिसरीत १५. तिन्हींवर सारखीच फुली. पण २६ लिहिणाऱ्याने एककातल्या आठातून दोन वजा केले, कारण ‘मोठ्यातून लहान वजा करायचं’ हे त्याला पहिलीपासून आपणच सांगितलं. २४ वाल्याने दशक सुटा केला, पण पाचाचे चार करायला तो विसरला. १५ वाल्याची रीत पक्की आहे. बारातून आठ काढताना बोटांचा हिशेब तेवढा चुकला. पहिल्याच्या हातात काड्यांचे गठ्ठे देऊन दशक सोडवून दाखवावा लागेल. दुसऱ्याला आपलंच गणित मोठ्याने बोलून करायला सांगितलं तरी पुष्कळदा पुरतं. तिसऱ्याला निव्वळ सराव हवा. फुलीत यातलं काहीच नसतं. मूल २६ खोडून फळ्यावरचे १४ उतरवून घेतं. वही दुरुस्त होते, डोक्यातला नियम शाबूत राहतो आणि घटक चाचणीत पुन्हा २६ येतात.

चुकीमागचा विचार असा शोधण्यावर पहिला आक्षेप वेळेचा. ठरलेल्या मुदतीत अभ्यासक्रम पुरा करण्याचं कर्तव्य २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम २४ नेच घातलं आहे, असं सांगतात. खरं आहे. पण त्याच कलमात, लगेच पुढे, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखून गरजेप्रमाणे जादा शिकवण्याचंही कर्तव्य आहे. एक वाचून दुसरं गाळता येणार नाही. शिवाय तीस मुलांच्या चुका तीस प्रकारच्या नसतात. वजाबाकीच्या वह्या एकदा चुकांप्रमाणे लावून पाहाव्यात. तीन-चार ढिगांत बहुतेक मावतात. दर ढिगाला दहा मिनिटं दिली, तर पुढे भागाकाराच्या वेळी हीच वजाबाकी पुन्हा शिकवण्याचे तास वाचतात.

‘चुकीवर बोलत बसलं की चूकच पक्की होते’ हा दुसरा आक्षेप. ज्या नियमाला कोणी हातच लावत नाही, तो पक्का होतो. ‘तू हे कसं काढलंस?’ या प्रश्नाने तो नियम मुलाच्या तोंडून बाहेर येतो आणि तपासता येतो. पंचवीस ऐकून ५२ लिहिणारी मुलगी बेफिकीर नसते. आपण आधी पाच उच्चारतो, मग वीस. तिने ऐकलं त्याच क्रमाने लिहिलं. हे शिक्षकाला दिसलं, तर ‘लक्ष कुठं असतं तुझं?’ हे वाक्य त्याच्या तोंडून निघणार नाही.

तिसरा आक्षेप धाकाचा: धाक नसेल तर मुलं शिकत नाहीत. मारणं आणि मानसिक त्रास देणं त्याच शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम १७ ने निषिद्ध ठरवलंय, एवढ्यावर हा वाद संपायला हवा होता. पण माझी हरकत कायद्याच्याही अलीकडची आहे. घाबरलेलं मूल पहिल्यांदा आपला विचार लपवतं. शेजाऱ्याच्या वहीत डोकावतं, १४ लिहितं, आणि मग शिक्षकाला दुरुस्त करायला काही उरतच नाही.

पाढे पाठ हवेत, सराव भरपूर हवा, शुद्ध उत्तराचा आग्रहही हवा. ‘मुलं आपोआप शिकतात’ या भोळ्या समजुतीशी माझं काही देणंघेणं नाही. शिकवण्याची पुढची पायरी मुलाच्या चुकीवरून ठरवावी, एवढंच मी मांडते आहे. आसपासच्या शाळांचं मिळून जे केंद्र असतं, त्याच्या शिक्षण परिषदेत नोंदींची रजिस्टरं कमी आणि चुकलेल्या वह्या जास्त याव्यात. पाच शाळांतल्या शिक्षकांनी एकत्र बसून एकेका उत्तरामागचा विचार शोधावा, आणि अधिकाऱ्यांनी भेटीच्या दिवशी किती पानं झाली हे विचारण्याआधी एखादी वही उघडून विचारावं, ‘हे २६ कुठून आले?’